आरए टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे आमवातच का?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या गाव सोडतात, त्या उन्हाळ्यातच परततात. मोळ्या बांधून बोटे आखडली, मनगट सुजले, तर घरचे म्हणतात, 'कामाने दुखत असेल.' पुढे कधीतरी रक्त तपासले जाते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात घबराट, निगेटिव्ह आला की दुखण्याकडे दुर्लक्ष. आमच्या मते दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आमवातात शरीराची संरक्षण शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. अशा वेळी अनेकांच्या रक्तात आरए फॅक्टर सापडतो. पण आमवाताच्या १०० रुग्णांपैकी साधारण ७० ते ८० जणांमध्येच तो आढळतो. बाकीच्यांना आजार असूनही टेस्ट निगेटिव्ह येते. उलट क्षयरोग, हिपॅटायटिस सी अशा आजारांत आणि काही निरोगी, विशेषतः वयस्कर माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. म्हणून डॉक्टर अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी याही तपासण्या सांगतात.

रिपोर्टइतकीच लक्षणे महत्त्वाची:

• सकाळी अर्धा-एक तास किंवा जास्त वेळ सांधे आखडलेले राहणे
• दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे
• हा त्रास सहा आठवड्यांहून अधिक टिकणे

कामाचे दुखणे आरामाने कमी होते; आमवातात आरामानंतर सांधे जास्त आखडतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. उपचाराला उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी होतात.

अशी लक्षणे असल्यास बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. मेथोट्रेक्सेट हे औषध सहसा दिले जाते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. दारू टाळावी. रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करावी. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्याने पोट आणि किडनी बिघडते, आमवात मात्र थांबत नाही.

टोळीसोबत जाण्याआधी डॉक्टरांना भेटून पुढील महिन्यांची औषधे व तपासण्या ठरवून घ्याव्यात. रिपोर्ट आणि औषधाची चिठ्ठी सोबत ठेवावी. बोटांची हळुवार हालचाल रोज करावी, बिडी सोडावी. बरे वाटले म्हणून औषध मध्येच बंद करू नये.