अतिसार आणि क्षारजल

अतिसार झालेल्या बालकाच्या शरीरातून पाण्याबरोबर सोडियम व पोटॅशियम यांचे क्षारही निघून जातात. डोळे खोल जातात, तोंड कोरडे पडते, चिमटीत धरून सोडलेली त्वचा सावकाश पूर्ववत होते. नुसते पाणी पाजल्याने क्षारांची तूट भरून निघत नाही.

आतड्यातील पेशी सोडियम व ग्लुकोज ही बरोबरच शोषून घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. अतिसारातही ही क्रिया बहुधा शाबूत राहते. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचा द्रव संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजविण्याची व्यवस्था केली. नातेवाईकच ते पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

आजच्या क्षारपुडीत पोटॅशियमही असते. पुडीवर सांगितले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती विरघळवावी; पाणी कमी पडल्यास द्रावण अतिखारट होऊन अपाय होतो. द्रावण थोडेथोडे पाजावे व स्तनपान चालू ठेवावे. मूल निपचित पडल्यास अथवा त्याने पिणे सोडल्यास मात्र त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.