दोन आठवड्यांनी पुन्हा सुई?

लग्नसराई तोंडावर आली की त्वचारोगतज्ज्ञांकडे एक फोन हमखास येतो. ‘डॉक्टर, बोटॉक्स घेऊन चार दिवस झाले. डावीकडची आठी अजून दिसतेय. थोडं वाढवून देता का?’ फोन कधी वरमाईचा असतो, कधी खुद्द नवरीचा. हल्ली नवरदेवाचाही असतो. जबाबदार डॉक्टर लगेच बोलावत नाहीत. दोन आठवडे होऊ द्या, मग बघू, म्हणतात. हे ऐकून काहीजणी खट्टू होतात, काही सरळ दुसरं क्लिनिक गाठतात आणि तिथून गोष्टी बिघडत जातात. दोन आठवडे थांबण्यामागचं कारण नीट समजलं, तर अर्धी घालमेल कमी होईल.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव. मूळ औषध बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे एका जिवाणूपासून मिळणारं विष, अतिशय सूक्ष्म मात्रेत वापरलेलं. स्नायू आखडायचा तर मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडावं लागतं. हे औषध त्या टोकाच्या आत शिरतं आणि रसायन बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन तोडतं. मग मेंदूचा निरोप येतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. या साऱ्याला वेळ लागतो. फरक दोन-तीन दिवसांनी जाणवायला लागतो, पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात आणि तो तीन-चार महिने टिकतो. शिवाय डावी-उजवी बाजू एकाच दिवशी सैल पडेल असंही नाही. चौथ्या दिवशी खुपणारी तफावत बाराव्या दिवशी आपोआप गेलेली असते, असं पुष्कळदा होतं. मधेच वाढीव डोस घेतला, तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही परिणाम एकावर एक चढतात.

सुरकुत्यांवरचा हा उपयोग योगायोगानेच हाती लागला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी हे औषध तिरळेपणासाठी विकसित केलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आचक्यांसाठी ते वापरत होत्या. तेव्हा रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होताहेत, असं लक्षात आलं. पती अ‍ॅलिस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकी मान्यता २००२ मध्ये.

टच-अपची, म्हणजे दोन आठवड्यांनंतरच्या या छोट्या दुरुस्तीची, खरी गुंतागुंत कपाळात आहे. भुवया खाली खेचणारे स्नायू अनेक आहेत, पण वर उचलणारा एकच, कपाळावर पसरलेला. त्याच्याच आकुंचनाने आडव्या रेषा पडतात. रेषा पार पुसायच्या म्हणून तो पुरता सैल केला, तर भुवया खाली बसतात आणि डोळे जड, झोपाळू वाटतात. वाढत्या वयात पापण्यांची कातडी सैल झालेली माणसं नकळत हाच स्नायू सतत ताणून डोळे उघडे ठेवतात. त्यांच्या बाबतीत तर जपूनच राहावं लागतं. उलट, कपाळाचा मधला भाग सैल झाला आणि कडेचा सुटून राहिला, तर भुवयांची बाहेरची टोकं वर चढतात आणि माणूस सारखा चकित झाल्यासारखा दिसतो. या दोषावर टच-अप म्हणजे अगदी नेमका उपाय. चढलेल्या टोकाच्या वर एक-दोन युनिट दिली की भुवई जागेवर येते.

एक-दोन युनिट म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणून बघा. बाटलीत औषधाचा पातळसा कोरडा थर असतो. शंभर युनिटच्या बाटलीत अडीच मिलिलिटर सलाइन घातलं, की मिलिलिटरच्या दहाव्या भागात चार युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांचा ठरलेला डोस वीस युनिट, पाच ठिकाणी विभागून. टच-अपचं एक युनिट म्हणजे पुरता एक थेंबही नाही. ते बहुधा इन्शुलिनच्या बारीक सिरिंजने देतात. त्या सिरिंजवरचे आकडे इन्शुलिनच्या युनिटचे असतात, या औषधाचे नव्हेत. इथे हात आणि हिशेब दोन्ही पक्के लागतात.

म्हणूनच टच-अपच्या भेटीत सुईआधी बराच वेळ चेहरा पाहण्यात जायला हवा. ‘भुवया वर करा. आता रागावून बघा. डोळे घट्ट मिटा. हसा.’ पहिल्या दिवशीचे फोटो शेजारी धरून, त्याच उजेडात, प्रत्येक हालचाल तपासायची आणि टोचायच्या जागेवर पेन्सिलने खूण करायची. एवढं पाहिल्यावर ‘काही करायची गरज नाही’ असं डॉक्टर म्हणाले, तर ते आपल्या भल्याचंच सांगताहेत. चेहरा शांत असतानाही दिसणारी, कातडीत मुरलेली घडी वाढीव डोसने जात नाही. तिच्यावरचे उपचार वेगळे.

औषध कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. सुरकुत्या भरून काढणारी काही फिलर नको झाली तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, याचं नसतं. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं तर पापणी लोंबते. डोळ्यांत घालायचे काही थेंब तिला तात्पुरती एक-दोन मिलिमीटर वर आणतात, पण ती पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदाच बोटॉक्स घ्यायला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, महिनाभर आधी जा, नाहीतर लग्नानंतर जा. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर मात्र टच-अपच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

पूर्ण उपचार तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नये, असं औषधाच्या माहितीपत्रकात म्हटलेलं आहे. दोन आठवड्यांची छोटी दुरुस्ती ही डॉक्टरांच्या अनुभवातून रुळलेली पद्धत. ती एकदा झाली की विषय संपायला हवा. दर महिन्याला ‘थोडंसं’ घेत राहिलं, तर शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करण्याची शक्यता वाढते. सौंदर्योपचाराच्या लहान डोसमध्ये हे क्वचित घडतं, पण घडलं तर औषध लागू पडेनासं होतं. टच-अप फुकट मिळतोय, हे तो घेण्याचं कारण होऊ शकत नाही. त्याचे पैसे पहिल्या बिलात धरलेत की वेगळे लागतील, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर अमेरिका-दुबईहून घरी येणारी मंडळी पुण्या-मुंबईत हे करून घेतात, बहुतेक वेळा परतीच्या आठवड्यात. मग तपासणीचा दिवस उजाडतो तेव्हा डॉक्टर इथे आणि चेहरा तिथे. तिथला डॉक्टर पुढे काय करणार? उत्पादनं निरनिराळी आहेत आणि एकाचं युनिट दुसऱ्याच्या युनिटइतकं नसतं, त्यामुळे नुसतं ‘वीस युनिट घेतली’ सांगून भागत नाही. इंजेक्शन सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. उत्पादनाचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कुठे किती युनिट दिली, हे कागदावर लिहून मागा. कागद द्यायला खळखळ करणाऱ्या क्लिनिकमध्ये दुसऱ्यांदाच काय, पहिल्यांदाही सुई टोचून घेऊ नये.