गदा न मिळालेल्यांची यादी

महाराष्ट्र केसरीच्या यादीत जालन्याचं नाव दोनदा येतं. 2002 साली इथे मुन्नालाल शेखने गदा जिंकली आणि 2018 च्या डिसेंबरात बाला रफिक शेखने. यादी नेहमीच अशी छापली जाते: साल, गाव, विजेता. चौथा रकाना त्यात नसतो. अंतिम कुस्तीत समोर कोण उभा होता, हे त्या कागदावरून कळत नाही.

ते कळतं शौकिनांकडून. मराठवाड्यातल्या कुठल्याही जत्रेच्या मैदानात, वरची जोड लागायला अवकाश असतो आणि हलगी कडाडत असते, तेव्हा धोतर-टोपीतल्या जुन्या माणसांशेजारी बसावं. बोलण्यात विजेत्यांइतकीच दुसरीही नावं येतात. हा मल्ल किती तयारीचा होता, त्याची पकड कशी होती, कोणत्या साली तो थोडक्यात राहिला, हे सगळं तपशिलाने निघतं. मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्येही हेच दिसतं. हेवीवेट गटात अर्नी शेव्हर्सला जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही. 1977 साली न्यूयॉर्कमध्ये मोहम्मद अलीसमोर तो पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. पुढे 1979 साली लॅरी होम्सला त्याने खाली पाडलं, पण होम्स उठला आणि जिंकला. कॅनडाचा जॉर्ज शुव्हालो अलीशी दोनदा लढला, दोन्ही वेळा हरला, मात्र सगळ्या कारकिर्दीत त्याला कुणी जमिनीवर पाडू शकलं नाही. अनेक पट्टेवाले विस्मरणात गेले, पण हे दोघे राहिले. आपल्याकडे पट्ट्याच्या जागी चांदीची गदा आहे, एवढाच फरक.

ही गदा मिळवणं इतकं अवघड का, ते नीट समजून घ्यायला हवं. महाराष्ट्र केसरी हा वजनदारांचा गट, 86 ते 125 किलोंचा. त्यात दोन विभाग: माती आणि गादी. मातीतला अव्वल आणि गादीवरचा अव्वल यांची शेवटची कुस्ती होते आणि ती गादीवर होते. लाल मातीच्या हौद्यात वाढलेल्या मल्लाला तिथे पाय रोवायची सवय असते. गादीवर पाय वेगळा पडतो, चपळाई वेगळी लागते, आणि सहा मिनिटांत गुणांचा हिशेब संपतो. जत्रेत निकालासाठी अर्धा-पाऊण तास झुंजणाऱ्याला हा हिशेब जड जातो. त्यात ऐन उमेदीची वर्षं मोजकीच, आणि संधी वर्षातून एकदा. त्या आठवड्यात गुडघा दुखावला की वर्षभराची मेहनत आणि खुराकाचा खर्च दोन्ही वाया जातात. तालमीतल्या पोराच्या दूध, तूप, बदामासाठी घरच्यांनी जनावरं विकल्याच्या, कर्ज काढल्याच्या गोष्टी आपल्या भागात नव्या नाहीत.

2018 ची स्पर्धा जालन्याच्या आझाद मैदानावर झाली. अंतिम कुस्ती होती पुण्याचा अभिजीत कटके आणि बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक यांच्यात. कटके आदल्या वर्षीचा विजेता होता आणि सलग तिसऱ्यांदा अंतिम फेरीत पोचला होता. रफिकने त्याला 11-3 असं हरवलं. रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला, कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेला. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले होते. आपल्या पठ्ठ्याच्या खांद्यावरची गदा त्यांना पाहता आली नाही, याचं वाईट वाटतं. आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. महाराष्ट्र केसरीच्या यादीत मात्र त्यांचं नाव नाही. कवठेपिरानच्या मारुती मानेंचंही नाही, आणि तेही 1964 चे हिंदकेसरी. यादीवरून कुस्ती मोजायची ठरवली तर हे दोन डोंगर नजरेआड होतात.

त्या दोघांकडे निदान दुसरा किताब होता. ज्यांच्याकडे तोही नाही, त्यांच्याविषयी मला अधिक आस्था आहे. माण तालुक्यातला किरण भगत हे पहिलं नाव. 2017 साली मुळशी तालुक्यातल्या भूगावला त्याची कटकेशी अंतिम लढत झाली. साताऱ्याकडून आलेला किरण शेवटपर्यंत झुंजला आणि 10-7 ने हरला. एवढ्या वरच्या पातळीवर दोन्ही बाजूंनी इतके गुण होतात, याचा अर्थ दोघांनीही डाव टाकले, नुसतं अंग चोरून वेळ काढला नाही. जत्रांच्या मैदानांत किरणचं नाव पत्रकावर आलं की गर्दी जमायची. गदा असो वा नसो, लोकांनी त्याला मोठा मल्लच मानलं.

मग बालेवाडी, 7 जानेवारी 2020. मला स्वतःला गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोलाची स्पर्धा वाटते, आणि तिचं कारण विजेता एकटा नाही. आदल्या स्पर्धेत जालन्यात जिंकलेल्या बाला रफिकला माऊली जमदाडेने वाटेतच बाद केलं. माऊली कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचा, जत्रांतला लाडका पैलवान. मातीच्या शेवटच्या कुस्तीत लातूरच्या शैलेश शेळकेने माऊलीला 11-10 असं एका गुणाने मागे टाकलं. दुसऱ्या बाजूला गादीवर नाशिककडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने कटकेला हरवलं. म्हणजे शेवटच्या कुस्तीत सदगीर आणि शेळके समोरासमोर आले, आणि दोघेही एकाच वस्तादाचे पठ्ठे. अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवारांच्या तालमीत रोज एकमेकांशी जोर करणारी ही पोरं. एकमेकांचा कोणता डाव कुठून येतो, हे दोघांना पाठ. सदगीर 3-2 ने जिंकला. आणि जिंकल्याबरोबर त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. विजेत्याला खांद्यावर घेऊन मिरवायची आपली रीत. इथे विजेत्यानेच हरलेल्याला उचललं. तो फोटो दुसऱ्या दिवशी राज्यभर पोचला आणि त्यामुळे शेळकेचं नाव तरी लोकांच्या ध्यानात राहिलं. मराठवाड्याच्या या पोराला गदेने एका गुणाची हुलकावणी दिली. माऊलीची शेवटची कुस्तीही एकाच गुणाने हुकली.

2023 च्या जानेवारीत कोथरूडला सोलापूरचा महेंद्र गायकवाड अंतिम फेरीत शिवराज राक्षेकडून मिनिटभराच्या आत चीत झाला. राक्षेला गदेसोबत थार गाडी मिळाली, महेंद्रला ट्रॅक्टर. शेतकऱ्याच्या पोराला ट्रॅक्टर मिळणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि उपविजेत्याची अशी दखल घेतली गेली याचा मला आनंद वाटतो. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महेंद्र पुन्हा शेवटच्या कुस्तीत उतरला आणि पृथ्वीराज मोहोळकडून हरला. पंचांच्या निर्णयांवरून या दोन्ही स्पर्धांत मोठे वाद झाले. संघटनांच्या भांडणातून एका वर्षात दोन-दोन महाराष्ट्र केसरीही होऊ लागले. किताब वाढले की त्याचं वजन घटतं, हे मुष्टियुद्धात चार-चार संघटनांच्या पट्ट्यांनी आधीच दाखवलेलं आहे. आपल्याकडे तसं होऊ नये, असं मनापासून वाटतं.

जत्रेतली कुस्ती मात्र वेगळा न्याय करते. तिथे पहिल्या नारळाच्या, रेवड्यांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या लाखाच्या जोडीपर्यंत प्रत्येक मल्लाला काहीतरी मिळतं, हरणाऱ्यालाही त्याचं ठरलेलं मानधन मिळतं. पंचकमिटी जोड लावते ती तोडीस तोड पाहून. एखादा पैलवान समोर कोण आहे हे न विचारता मैदानात उतरतो, पळत नाही, डाव टाकायला कचरत नाही, तेव्हा तो पाठीवर पडला तरी शौकीन म्हणतात, कुस्ती केली. हे दोन शब्द कमावणं सोपं नाही. काही विजेत्यांनाही ते मिळालेले नाहीत.

म्हणून एक मागणी आहे, आणि ती खर्चाची नाही. कुस्तीगीर संघटनांनी, जिल्ह्यांच्या तालीम संघांनी आणि स्मरणिका छापणाऱ्यांनी यादीत चौथा रकाना वाढवावा. जुने शौकीन आहेत तोवर त्यांच्याकडून नावं विचारून घ्यावीत, जुन्या वर्तमानपत्रांतून पडताळावीत. 1977 च्या चाळीसगावपुढे आज नुसतं ‘अनिर्णित’ असं छापतात. सुरुवात तिथून करावी, आणि त्या वर्षी गदेसाठी झुंजलेल्यांची नावं आधी लिहावीत.