मुलाच्या अपघाती मृत्यूची नुकसानभरपाई : हिशोब कसा होतो?

रस्त्यावरच्या अपघातात मूल गेले की घरात चूल पेटत नाही. अशा वेळी वाहनमालकाच्या वतीने कोणीतरी येतो, दहा-वीस हजार पुढे करतो आणि "आपसात मिटवू" म्हणतो. आईबापांनाही वाटते, लेकराच्या जिवाचे पैसे कसे घ्यायचे? कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा उमटतो आणि पुढे तोच कागद आडवा येतो. म्हणून सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना हा हिशोब सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भरपाई ही मुलाची किंमत नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये तो आईवडिलांचा हक्क आहे. कमावता माणूस गेला तर त्याच्या पगारावरून हिशोब होतो. मूल कमावत नाही. म्हणून न्यायालय त्याचे 'काल्पनिक उत्पन्न' धरते आणि त्याला 'गुणक' या आकड्याने गुणते. १९९४ साली कायद्याच्या परिशिष्टात, न कमावणाऱ्या व्यक्तीचे हे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये ठरवले गेले. महागाई वाढत गेली, तो आकडा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहिला.

२०२१ साली मा. सर्वोच्च न्यायालयाने, २००४ च्या अपघातात मृत्यू पावलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात पुढीलप्रमाणे हिशोब केला :

वार्षिक काल्पनिक उत्पन्न २५,००० × गुणक १५ = ३,७५,००० रु.
अपत्याच्या सहवासाला मुकल्याबद्दल आईवडिलांना प्रत्येकी ४०,००० = ८०,००० रु.
अंत्यविधीचा खर्च = १५,००० रु.
एकूण = ४,७०,००० रु.

२०२५ साली याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलाला न कमावणारा समजू नये, तर राज्यातील कुशल कामगाराचे किमान वेतन त्याचे उत्पन्न धरावे, असे सांगितले. याने किती फरक पडतो ते पाहा. समजा, ते वेतन महिना १२,००० रुपये आहे. वर्षाचे १,४४,००० झाले. भावी वाढीचे ४० टक्के मिळवले तर २,०१,६००. स्वतःच्या खर्चापोटी निम्मे वजा केले तर १,००,८००. त्याला १५ ने गुणले की १५,१२,००० रुपये होतात. आकडे उदाहरणादाखल आहेत. परंतु अर्जात किमान वेतनाची मागणीच केली नाही, तर नुकसान कोणाचे?

१ एप्रिल २०२२ पासून दुसरीही वाट आहे. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही वाटांचा हिशोब मांडून पाहावा. वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावयाचा असतो. अपघात परगावी झाला तरी आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कायद्यातील मुदत सहा महिन्यांची आहे. पण ती टळली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळाचा व मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि वाहनाच्या विम्याचा तपशील यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा दर्जा लाभला आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

आपल्या वस्तीत असा प्रसंग ओढवला, तर सांत्वनाला जाणाऱ्यांपैकी एकाने तरी हे कागद गोळा करण्याचे काम अंगावर घ्यावे. दुःखात बुडालेल्या आईबापांना त्या घडीला ते सुचत नाही.