कोठार मोठे करताना

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागते. तिथल्या पालैवननाथ मंदिरात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, नायक राजांच्या काळातले. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, तेव्हा ते उभे होतेच. सुट्टीत ते पाहताना मला आपल्या संगणक कक्षातला सर्व्हर आठवला. निकाल आणि संचलनाचे फोटो साठवून तोही काठोकाठ भरला होता.

या सर्व्हरमध्ये एक-एक टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत आणि लिनक्स दोन्हींवर तोच मजकूर लिहिते. याला 'रेड-१' म्हणतात. वेगळे कार्ड लागत नाही, म्हणून हे सॉफ्टवेअर रेड. (बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात 'रेड' हे नाव रूढ केले.) एक डिस्क मेली तरी दुसरी काम चालवते. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते, म्हणून बॅकअप वेगळा हवाच.

कॅडेट्सनी एवढे ध्यानात ठेवावे: बाहेरची भिंत म्हणजे पार्टिशन, भिंतीच्या आत ॲरे, ॲरेच्या आत फाइल सिस्टिम आणि तिच्यात धान्य, म्हणजे फायली. कोठार वाढवायचे तर आधी भिंत सरकवायची, मग आतले. लहान करायचे तर उलट: आधी फाइल सिस्टिम आवळायची, मग ॲरे, शेवटी पार्टिशन. मी घरच्या संगणकावर एकदा घाईत भिंतच आधी आत ओढली. फाइल सिस्टिमचे शेपूट बाहेर राहिले आणि मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले. बॅकअप नव्हता. घरी तो विषय अजून निघतो.

सर्व्हरसाठी दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क आणल्या. जुनी काढून नवी लावणे सोपे, पण मजकुराची नक्कल पुरी होईपर्यंत सगळा भार एकाच डिस्कवर येतो, आणि त्यात ती तासन्‌तास वाचली जाते. म्हातारी डिस्क नेमकी तेव्हाच दगा देऊ शकते. बदली आल्याशिवाय पहारेकरी जागा सोडत नाही, तसेच इथे करावे. नवी डिस्क तिसरी म्हणून जोडली, 'एमडीएडीएम'च्या 'रिप्लेस' आज्ञेने नक्कल करवली आणि मगच जुनी उतरवली. दुसऱ्या डिस्कचेही तसेच. नक्कल कुठवर आली ते 'एमडीस्टॅट' फाइलमध्ये दिसते.

दोन्ही डिस्क बदलल्या तरी जागा वाढलेली दिसेना, म्हणून एक कॅडेट हिरमुसला. ॲरे आपोआप वाढत नाही. त्याला 'ग्रो' आज्ञेत कमाल आकार घे म्हणून सांगावे लागते. (एकच डिस्क बदलली असती तर तेही जमले नसते, सर्वांत लहान भागच आकार ठरवतो.) त्यानंतर 'रीसाइझ-टू-एफएस'ने ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम चालू सर्व्हरवरच वाढली. लहान करायची असती, तर ती आधी उतरवावी लागली असती.

डिस्क तीच ठेवून पार्टिशन ताणायचे असेल तर त्याची सुरुवात हलवू नये. शिवाय ॲरेची ओळखपट्टी कुठे आहे ते पाहावे. ०.९० आणि १.० या प्रकारांत ती शेवटी असते. शेवट सरकला की यंत्राला ती सापडत नाही. १.२ मध्ये ती सुरुवातीजवळ असते.

जुन्या दोन्ही डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवल्या आहेत. नवा बॅकअप उघडून तपासेपर्यंत त्यांना कोणी हात लावू नये.