वीज कुठे अडली?

दुरुस्तीच्या टेबलावर बंद यंत्रं दोन तऱ्हेची येतात. काही आपण होऊन बंद पडलेली असतात आणि काही कुणीतरी दुरुस्त केल्यावर. दुसरी तऱ्हा जास्त डोकं खाते. तिच्यात जुना बिघाड आणि नवा बिघाड एकमेकांच्या आड दडून बसतात. एक सापडला की काम संपलं असं वाटतं आणि यंत्र मात्र ढिम्म हलत नाही.

परवा कोल्हापूरहून पुण्याला शिकायला आलेला एक मुलगा निन्टेन्डोचा पहिला गेम बॉय घेऊन आला. १९८९ चं मॉडेल, राखाडी, विटेएवढं. आत्याच्या घरी माळ्यावर सापडलेलं, सेल आतच फुटलेले. त्याने युट्यूबवर बघून पत्रे आणि स्प्रिंगा बदलल्या, बोर्ड पुसला आणि पेटी बंद केली.

"काका, आधी निदान दिवा तरी मिणमिणत होता. आता तोही नाही."

या एका वाक्यात अर्धं निदान आहे. दिवा मिणमिणत होता, म्हणजे जुना बिघाड काहीही असला तरी वीज थोडीफार पुढे जात होती. आता मुळीच लागत नाही, म्हणजे पेटी उघडल्यानंतर आणखी काहीतरी घडलं. अशा वेळी शोध चिपपासून सुरू करायचा नसतो. शेवटचा हात जिथे लागला, तिथून मागे यायचं.

पहिली पाळी सेलची. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात, एकामागे एक जोडलेले, मिळून ६ व्होल्ट. नवे अल्कलाइन सेल ६ च्या थोडे वर दाखवतात. रिचार्जेबल चार मिळून ४.८ दाखवतात आणि त्यावरही हा गडी चालतो, म्हणून तो आकडा बघून दचकायचं नाही. मुलाने सेल नवे आणले होते, मीटरवर ६.३ आले.

मग फुटलेल्या सेलची घाण. तिथे सेल कोणत्या जातीचा होता हे बघावं लागतं. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी पापुद्र्यांची साय धरते. ते अल्कधर्मी असल्याने व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने निघतं, बारीक फेसही येतो. आपल्याकडचे स्वस्त सेल बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. त्यांचा जस्ताचा डबा हाच एक ध्रुव असतो, तो वापरात झिजतो आणि शेवटी भोक पडून आतला माल बाहेर येतो. हा माल आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर चोळलं तर काहीच साधत नाही, तिथे खाण्याचा सोडा लागतो. दोन्ही बाबतीत शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत ते सहज मिळतं. मुलाचं हे काम स्वच्छ होतं, नवे पत्रेही नीट बसले होते.

मग पेटी उघडली. मागचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे, त्यांना ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो. आत पुस्तकाच्या दोन पानांसारखे दोन बोर्ड. मागच्या बोर्डावर प्रोसेसर, मेमरी, कार्ट्रिजची खाच, स्विच आणि वीज तयार करणारा छोटा स्वतंत्र बोर्ड. पुढच्यावर पडदा, बटणं आणि तो लाल दिवा. दोन्हींना जोडणारी एकच चपटी पट्टी, तिच्यात २१ तारा. दिव्यापर्यंतची वीजही या पट्टीतूनच जाते. त्यामुळे दिवा लागला नाही म्हणून मागचा बोर्ड मेला, असं म्हणता येत नाही. मागचा बोर्ड ठणठणीत असेल आणि बातमी पुढे पोचत नसेल.

पट्टी भिंगाखाली धरली. डावीकडचं टोक सॉकेटमध्ये पुरतं उतरलेलं, उजवीकडे मात्र चकचकीत तारांची केसाएवढी कड वर दिसत होती. नुसत्या डोळ्यांना ती सरळच वाटते. या सॉकेटला कुलूप नाही, पट्टी केवळ दाबावर धरलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देऊन ती खाली बसवली, सेल घातले, स्विच सरकवला. दिवा क्षणभर लागला, फिकट झाला आणि गेला.

मुलाचा चेहरा पडला. पण इथे काम पुढे सरकलं होतं. नवा बिघाड दूर झाला आणि त्याच्या मागे लपलेला जुना समोर आला.

आता विजेची वाट धरायची. सेलपासून ती अडॅप्टरच्या जॅकमधल्या पत्र्यातून जाते. जॅकमध्ये पिन घातली की हा पत्रा उचलला जाऊन सेलची जोडणी तुटते. तिथून स्विच आणि मग तो वीज बनवणारा छोटा बोर्ड. हा बोर्ड ६ व्होल्टचे सरळ ५ व्होल्ट करतो आणि पडद्यासाठी उलट्या दिशेचे १९ च्या आसपास. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: वीज इथवर आली का आणि आली तर पुरेशी आली का?

बहुतेक जण दुसरा प्रश्न विसरतात. मुलाने घरी स्विच तपासला होता. मीटर कंटिन्युइटीवर लावला, बीप वाजला, स्विच पास. पण अनेक मीटर तीस ओहमच्या अडथळ्यालाही बीप देतात. गेम बॉय साधारण १०० मिलिअँपिअर ओढतो असं धरलं, तर तीस ओहमवर ३ व्होल्ट तिथल्या तिथे खर्च होतात. यंत्र वीज ओढत नसताना मोजलं तर व्होल्टही पूर्ण दिसतात. मीटर स्वतः जवळजवळ काही ओढत नाही आणि करंट नाही तर पडझडही नाही. सगळे आकडे बरोबर येतात आणि यंत्र काही चालत नाही.

म्हणून मोजमाप यंत्र चालू ठेवून करायचं. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक स्विचच्या आधीच्या पायाला, दुसरं नंतरच्या. चांगल्या स्विचवर इथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा. स्विच सरकवताच मीटरवर ३ च्या वर आकडा चढला आणि थरथरत राहिला. सेलमधली निम्मी वीज स्विचच्या पोटातच जिरत होती.

दिवा लागून विझण्याचं कारणही यातच होतं. स्विचनंतरचा तो वीज बनवणारा छोटा बोर्ड हा स्विचिंग कन्व्हर्टर. अशा कन्व्हर्टरची एक खोड असते. आत येणारे व्होल्ट घटले की बाहेरचे ५ टिकवण्यासाठी तो जास्त करंट ओढतो. जास्त करंट म्हणजे स्विचवर आणखी पडझड, त्यामुळे आत येणारे व्होल्ट आणखी कमी. पळभरात गाडी घसरते. 'रेग्युलेटर गेला' असं ठरवून लोक नेमका हाच बोर्ड बदलतात. दोष मात्र त्याच्या दाराबाहेर असतो.

स्विचच्या फटीत आयसोप्रोपिलचे थेंब सोडले आणि दांडा पुढेमागे चालवला. पडझड कमी झाली, पण गेली नाही. मग स्विच बोर्डावरून काढला. पाय एकेक तापवून, जुनं सोल्डर ओढून घ्यायचं. घाई केली तर बोर्डावरची तांब्याची चकती पायाबरोबर उपटून येते. पत्र्याची चार बोटं वळवली आणि झाकण निघालं. आत सरकणाऱ्या पत्र्यावर काळपट थर होता आणि कडेला हिरवट ठिपके. फुटलेल्या सेलचा ओलावा इतक्या आत पोचला होता. इथे पॉलिश पेपर चालत नाही, पत्र्यावरचा पातळ मुलामा निघून जातो. फायबरग्लासच्या पेनने हलकेच घासलं, पुसलं, किंचित ग्रीस लावून स्विच परत बसवला. पुन्हा चालू करून मोजलं: ०.०३ व्होल्ट. दिवा लख्ख.

यानंतर कार्ट्रिज न घालता यंत्र सुरू करायचं. प्रोसेसरच्या पोटात अवघ्या २५६ बाइटचा एक प्रोग्रॅम आहे. तो कार्ट्रिजमधलं निन्टेन्डोचं नाव वाचतो, पडद्यावर वरून खाली सरकवतो आणि आपल्याजवळच्या ४८ बाइटच्या प्रतीशी ताडून बघतो. जुळलं नाही तर तिथेच थांबतो. कार्ट्रिज नसेल तर नावाच्या जागी काळा ठोकळा उतरतो. तो दिसला म्हणजे प्रोसेसर, पडद्याची मेमरी, पट्टी आणि पडदा एकदम पास. आमच्या पडद्यावर ठोकळा उतरला. टेट्रिसचं कार्ट्रिज घातल्यावरही ठोकळाच आला, तेव्हा शोधायला एकच जागा उरली होती. कार्ट्रिजच्या सोनेरी दातांवरून अल्कोहोलचा बोळा फिरवला, काळा होऊन निघाला. पुढच्या खेपेला नाव उतरलं आणि 'डिंग' वाजलं.

इतकं पायरी-पायरीने विचारता येतं, याचं श्रेय या यंत्राच्या घडणीलाही आहे. गुनपेई योकोई आणि त्यांच्या चमूने मुद्दामच मुरलेलं, स्वस्त तंत्रज्ञान निवडलं. १९८९ मध्येच आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत पडदा होता, सेगाच्या गेम गियरलाही. गेम बॉयला चार हिरवट छटा. पण इथे स्विच हा खराखुरा स्विच आहे, सगळी वीज त्यातूनच जाते. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचमध्ये पॉवरचं बटण केवळ इशारा देतं आणि चालू करायचं की नाही ते एक चिप ठरवते. तिथे 'चालू होत नाही' म्हटल्यावर प्रथम यूएसबी मीटर लावून बघायचं, की ५ व्होल्टवर सुरू झालेलं चार्जिंग १५ वर चढतं का. चढत नसेल तर चार्जरशी बोलणाऱ्या छोट्या चिपवर संशय. यंत्र नवं, हत्यारं निराळी, पण पद्धत तीच: वाट माहीत करून घ्या, एकेक नाका तपासा आणि चालत्या यंत्रावर मोजा.

पेटी बंद करतानाही ही शिस्त सुटता कामा नये. प्लॅस्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवायचा. 'टक' झालं की तो जुन्या आट्यांवर बसला, मग सुलटा आवळायचा. सहाही आवळल्यावर यंत्र पुन्हा चालू करून बघायचं, थोडं पिळून, टिचक्या मारून. झाकण लागल्यावरच जो बिघाड दिसतो, तो दाबाखाली आलेल्या तारेचा किंवा ड्राय सोल्डरचा असतो.

मुलाने विचारलं, "काका, नवा स्विच मागवून ठेवू का?" म्हटलं, नको. सेलच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटव: तारीख, पट्टी बसवली, स्विच साफ केला, चालू असताना स्विचवर ०.०३ व्होल्ट. पुन्हा दिवा मंद झाला तर पहिल्यांदा हाच आकडा मोज. तो वाढलेला असेल तर स्विच बदल. तेवढाच असेल तर स्विचला हात लावू नकोस आणि पुढच्या नाक्यावर जा.