प्राध्यापकांची शाळा : भाग ५ – मतदान कशावर?

मागच्या आठवड्यात आपण प्राध्यापकांच्या प्रशिक्षण केंद्रांच्या बदलत्या पाट्या पाहिल्या: ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी, २०२३ पासून मालवीय मिशन. पाटी कोणतीही असो, हल्ली तिथे डिजिटल साधनांचं एक सत्र हमखास असतं. गूगल फॉर्म कसा बनवायचा, मेंटीमीटरवर मतं कशी घ्यायची, कहूटमध्ये वेळ कशी लावायची. प्राध्यापक मंडळी मोबाइल काढतात, बटणं दाबतात, पडद्यावर रंगीत खांब चढू लागतात. मतदान कशावर घ्यायचं, हा विषय निघेपर्यंत चहा आलेला असतो.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात अशी मतं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा यातलं एकही ॲप नव्हतं. माझूर भौतिकशास्त्राचे लोकप्रिय प्राध्यापक. त्यांची मुलं अवघड गणितं लीलया सोडवायची. पण साध्या संकल्पनांच्या चाचणीत तीच मुलं अडखळली. अवजड ट्रक छोट्या मोटारीवर आदळला तर कोण कोणावर जास्त बल लावतं? दोन्ही बलं सारखीच. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा इथे ट्रकच्या बाजूने जातात. ही उत्तरं तुम्ही शिकवलं तसं लिहायची की मला वाटतं तसं, असं एका विद्यार्थिनीने विचारल्याचं माझूर सांगतात. कुठल्याही शिक्षकाची झोप उडवील असा हा प्रश्न!

त्यांनी मग तासाची घडी मोडली. थोडं शिकवायचं, मग बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून मत द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. त्याहून कमी आली तर शिक्षकाने पुन्हा समजवायचं. जास्त आली तर पुढे सरकायचं. वाद शेजाऱ्याशीच, कारण नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडकलो होतो ते आठवत असतं. वीस वर्षं तेच शिकवणाऱ्याला ते आठवत नाही.

आपल्याकडे या वादाला आणखी एक फायदा आहे. व्याख्यान इंग्रजीतून असलं, तरी बाकावरचं भांडण मराठीतून होतं, आणि मुलाला खरंच काय समजलंय ते त्या भांडणात उघडं पडतं.

साधनाचं काय? मॉन्ट्रिऑलच्या एका महाविद्यालयात एका गटाला क्लिकर, म्हणजे मतं नोंदवणारे रिमोट दिले आणि दुसऱ्याला पुठ्ठ्याची कार्डं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला: शिकण्यात फरक नाही. क्लिकरमुळे मोजणी सोपी होते, नोंद राहते. एवढंच, आणि तेही कमी नाही. पवईच्या आयआयटीत प्रोग्रॅमिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात ‘थिंक-पेअर-शेअर’ ही याच कुळातली पद्धत वापरली गेली. २०१३ च्या शोधनिबंधानुसार त्या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. तिथेही भर होता तो कोणतं काम द्यायचं यावर.

मग हे टिकत का नाही? अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या एका पाहणीत, नव्या पद्धती वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी त्या सोडून दिल्याचं दिसलं. आपल्याकडचं पहिलं कारण कोणीही सांगेल: पोर्शन. वाद घालायला वेळ द्यायचा तर व्याख्यानातलं काहीतरी गाळावं लागतं. माझूर यांनी वाचन तासाआधी घरी करायला लावलं. आपल्याकडे सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात प्रवेशच चालू असतात. तिथे हे जड जाईल.

पण चांगला प्रश्न तरी लिहिता यावा, म्हणून दोन आठवड्यांच्या रिफ्रेशर कोर्समधला निदान एक दिवस मोबाइल बाजूला ठेवून त्यासाठी वापरावा. प्रत्येकाने गेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतल्या, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तीन चुका लिहून आणाव्यात. त्यांतूनच प्रश्नाचे चुकीचे पर्याय तयार होतात. ते मनाने रचलेले असले की मुलांना लगेच ओळखू येतात. तो प्रश्न शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्यांवर आजमावून पाहावा. सगळ्यांचं उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आलं, तर प्रश्न पुन्हा लिहायला घ्यावा.